अमोनिया उतरेपर्यंत

सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचे नाहीत. आधी पाय बघायचे. कुणी ओळख करून दिली की त्यांची नजर खाली जायची, घोट्यापाशी थांबायची, मग सावकाश वर येऊन डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर टेकायची. एवढं झाल्यावर ते म्हणायचे, "हां. बोला आता."

नांदेडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्हा मुलींना हे फार अवघड वाटायचं. कुणी म्हणायचं सर लाजतात, कुणी म्हणायचं शिष्ट आहेत. दोन-तीन महिन्यांनी एका तासाला त्यांनीच सांगितलं. यकृतात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तयार होतं. ते रक्तात असतं तोवर रक्तातलं पाणी रक्तात राहतं. यकृत थकलं की अल्ब्युमिन कमी पडतं, पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि बहुतेक वेळा आधी पायांत उतरतं. "माणूस सांगत नाही," सर म्हणाले, "त्याला स्वतःलाच माहीत नसतं. चपलेचा पट्टा घट्ट व्हायला लागला तर तो म्हणतो चप्पल आटली."

सर आम्हाला जैवरसायन शिकवत. मूळचे जळकोटचे, लिंगायत कापडवाल्यांच्या घरातले. उंच, सडपातळ, बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, गळ्यात सदऱ्याच्या आत लिंगाची पेटी. बोलायला लागले की मधूनच जळकोट बाहेर यायचं. मुलांना 'बाबा' आणि मुलींना 'माय' म्हणायचे, अगदी रागावतानासुद्धा.

त्यांच्या वर्गात एक गोष्ट चालत नसे. उपमा. पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकानं उभं राहून मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "सर, लिव्हर म्हणजे शरीराचा कारखाना."

सर खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कारखान्याला शिफ्ट असते. ऊस संपला की कारखाना बंद. लिव्हर कधी बंद ठेवलेलं बघितलंस का बाबा? कशासारखं आहे ते नको सांगू. काय करतं ते सांग."

तो गडबडला. मग सरांनीच फळ्यावर न लिहिता, हात पाठीमागे बांधून सांगायला सुरुवात केली. जेवल्यावर साखर साठवून ठेवतं. उपाशी राहिलास तर ती परत देतं. तीही संपली तर नवी बनवतं. अल्ब्युमिन बनवतं. रक्त गोठायला लागणारी प्रथिनं बनवतं, नाहीतर दाढी करताना कापलेलं थांबलं नसतं. पित्त बनवतं. आतड्यातून अमोनिया येतो, तो विषारी. त्याचा युरिया करतं, तो लघवीतून जातो. "हे सगळं आत्ता, तू उभा आहेस तेव्हा चाललेलं आहे," ते म्हणाले. "तुला कळतंय का काही? नाही. बस खाली."

हॉस्टेलवर याची फार नक्कल व्हायची. मेसमधल्या आमटीला कुणी नावं ठेवली की दुसरा हात पाठीमागे बांधून म्हणायचा, "कशासारखी आहे ते नको सांगू बाबा. काय आहे ते सांग."

सर एमबीबीएस नव्हते. एमएस्सी आणि नंतर पीएचडी. वैद्यकीय कॉलेजात अशा माणसाची एक वेगळीच जागा असते. नावाआधी डॉक्टर लागतं, पण गळ्यात स्टेथोस्कोप नसतो. जळकोटकडचे लोक आजारी माणसाला जीपमध्ये घालून थेट त्यांच्या दारात आणायचे, आणि सर त्यांच्याबरोबर ओपीडीपर्यंत चालत जाऊन, रांगेत उभं करून, परत यायचे. "मी औषध देणारा डॉक्टर न्हाई," हे वाक्य त्यांनी किती जणांना सांगितलं असेल. कॅन्टीनमध्ये वॉर्डातले डॉक्टर एका टेबलावर बसायचे, सर दुसऱ्यावर. त्यांना कुणी उठवलं नव्हतं, बोलावलंही नव्हतं.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. रविवारी दुपारी मात्र ते गुरुद्वाऱ्यात लंगरला जायचे, दर रविवारी, आणि कुणी विचारलं तर अजिबात न लाजता कारण सांगायचे. "पंगतीत बसलं की शेजारी कुणीतरी असतंच. आपल्याला बोलवावं लागत नाही."

आम्ही काही मुली एकदा तिथे गेलो होतो. बघतो तर सर पंगतीत मांडी घालून बसलेले. पंगतीत कुणाच्याच पायात काही नव्हतं, त्यामुळे सरांची नजर नुसती या पायांवरून त्या पायांवर फिरत होती. समोरच्या ओळीत देगलूरकडचा एक म्हातारा होता. सरांनी ताट बाजूला ठेवलं, उठून त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. म्हातारा दचकला. "क्या हुआ भाई?" म्हणाला. सरांनी अंगठा काढला, तिथे खळगा राहिला नव्हता. "काही न्हाई काका," सर हसून म्हणाले, "चांगलं हाय. जेवा." आणि परत जागेवर येऊन निवांत जेवले. आम्ही खांबामागे लपून हसलो होतो.

माझी आणि त्यांची ओळख म्हणावी अशी एकदाच झाली, तोंडी परीक्षेत. त्यांनी माझे पाय पाहिले, डोळे पाहिले, मग विचारलं, "रक्तातली सगळी प्रथिनं लिव्हरच बनवतं का?"

अल्ब्युमिन मला येत होतं. फायब्रिनोजेन येत होतं. 'सगळी' या शब्दावर मी अडखळले. दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती आणि पुढे रेटलं असतं. मी म्हणाले, "माहीत नाही सर."

सरांचा चेहरा असा उजळला, की जणू मी बक्षीसच मिळवलं. "हे फार कमी लोक म्हणतात माय," ते म्हणाले. "नाही बनवत. अँटिबॉडी आहेत ना, गॅमा ग्लोब्युलिन, त्या दुसऱ्या पेशी बनवतात. लिव्हर खूप करतं, पण सगळं नाही करत. जा."

त्यानंतर कॉलेज संपलं. मी लातूरला मेडिसिनची रेसिडेंट झाले. सरांची आठवण येण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

एका सकाळी आमच्या वॉर्डात जळकोटचा एक पेशंट आला. पन्नाशीतला, कापड दुकानदार. पोटात पाणी, डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजून चकचकीत झालेले. आणि भ्रमात. विचारलं आज वार कोणता, तर म्हणाला बाजाराचा. हात समोर ताठ धरायला लावले तर पंजे फडफडायला लागले. यकृताला अमोनियाचा युरिया करणं जमेनासं झालं, की तो अमोनिया रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो, आणि माणूस असा होतो. दिवसा झोपतो, रात्री जागतो, भलतंच बोलतो. बरोबर बायको होती आणि मल्लू नावाचा मुलगा, तिशीतला, दुकान सांभाळणारा. मी दारूबद्दल विचारलं तेव्हा बायको एकदम पेटली.

"गावात सगळे हेच इचारतात! माळकऱ्यानं घेतली नसंल एवढी बी यांनी कधी घेतली न्हाई. शुगर हाय, बारा-पंधरा वर्सं झाली. लिव्हरवर चरबी हाय म्हणले होते."

दुपारी मी राउंडवरून परत आले तर पेशंटच्या खाटेपाशी एक उंच माणूस वाकून उभा होता. पांढरा सदरा, पूर्ण बाह्या. पेशंटच्या नडगीवर त्याचा अंगठा होता. त्यानं अंगठा उचलला आणि राहिलेल्या खळग्याकडे तो बघत राहिला. खळगा भरायला फार वेळ लागत होता.

"सर?" मी म्हणाले.

त्यांनी वळून माझे पाय पाहिले. मग डोळे. "हां माय," ते म्हणाले. "हा माझा धाकटा भाऊ."

त्यांना एक भाऊ आहे हे नांदेडमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. हळूहळू, तुकड्यातुकड्यानं मला कळलं ते असं. दोघे भाऊ. दुकानावर थोरल्यानं बसायचं हे ठरलेलं होतं. थोरला शिकायला निघून गेला आणि परत आलाच नाही, म्हणून धाकट्याला दहावीतून काढून गादीवर बसवलं. धाकटा गणितात हुशार होता, असं सरच म्हणाले. तरीही तोवर दोघांत बोलणं होतं. वडील वारले तेव्हा सरांकडे विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरगावचे परीक्षक आलेले, मुलं ताटकळलेली. सर परीक्षा संपवून निघाले आणि पोचले तोवर वडिलांना पुरून लोक घरी परतले होते. धाकटा दारात उभा राहून म्हणाला, "जो मातीला आला न्हाई तो भाऊ न्हाई." त्यानंतर तो सरांशी बोलला नाही. कधी समोरासमोर आलेच तर बायकोला मध्ये घालून बोलायचा. "त्यांना सांग," "त्यांना म्हणावं."

रिपोर्ट आले तेव्हा सरांनी माझ्याकडे बघायला मागितले. अल्ब्युमिन फारच उतरलेलं होतं. सर तेवढ्या एका आकड्यावर खिळून राहिले.

"अल्ब्युमिन एकदा बनलं की रक्तात वीसेक दिवस टिकतं," ते म्हणाले, वर्गात सांगायचे त्याच आवाजात. "म्हणून ते एका आठवड्यात असं उतरत नाही. हे कित्येक महिन्यांचं आहे." मग थोडं थांबून, आवाज बदलून म्हणाले, "कित्येक महिन्यांचं आहे, आणि मला आज कळवलं."

मल्लूनं फोन केला तोही वडिलांना न सांगता केला होता.

पण खरी गोष्ट त्या दुपारी पुढे घडली. भावानं डोळे उघडले. त्याला वॉर्ड कळत नव्हता, लातूर कळत नव्हतं. त्यानं सरांना पाहिलं आणि त्याच्या पिवळ्या तोंडावर हसू आलं. लहान पोराचं असावं तसं.

"अण्णा," तो म्हणाला, "कवा आलास? चल की हिरीवर. आप्पा झोपलेत तवर जाऊन येऊ."

सर खाटेच्या कडेला बसले. "जाऊ की," ते म्हणाले.

"तू आधी उडी टाक. मला खोल वाटतंय."

"टाकतो. तू काठावर बस."

दोघं कितीतरी वेळ असंच बोलत होते. विहीर, कवठाचं झाड, शाळेतला कुठला तरी मास्तर. भावाची बायको पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी होती. मी आयुष्यात सरांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. वर्गातसुद्धा नाही.

आता औषधाबद्दल सांगायला हवं. या अवस्थेत आम्ही एक गोड, दाट औषध पाजतो. त्यानं जुलाब होतात आणि आतड्यातला अमोनिया रक्तात न जाता बाहेर पडतो. अमोनिया उतरला की माणूस शुद्धीवर येतो. सिस्टर औषधाची वाटी घेऊन आली तेव्हा सरांनी ती तिच्या हातून घेतली.

"मी पाजतो," ते म्हणाले.

ते चमच्याचमच्यानं पाजत होते आणि भाऊ मुकाट्यानं पीत होता. मध्येच "लई गोड हाय अण्णा" म्हणत होता. औषध काय करणार हे सरांना माझ्याइतकंच माहीत होतं. ते उतरवणार होतं तो अमोनिया, आणि अमोनियाबरोबर हा 'अण्णा' शब्दही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सीनियर डॉक्टरांनी नातेवाइकांना बसवून सांगितलं, की यकृत बदलणं हाच उपाय आहे, हैदराबादला होतं, जवळच्या नात्यातला कुणी आपल्या यकृताचा भाग देऊ शकतो. मल्लूचा रक्तगट जुळत नव्हता. सरांचा जुळत होता. ते तपासणीही करून मोकळे झाले होते. कधी, कुणाला विचारून, देव जाणे.

"दिलेला भाग काही महिन्यांत बराचसा परत वाढतो," सर मला म्हणाले. जणू मला माहीत नव्हतं. "दुसरा कुठलाच अवयव असं करत नाही."

मल्लू घाई करायला लागला. "काका, आत्ताच इचारा त्यांना. आत्ता ते तुमचं ऐकायलेत. शुद्धीवर आल्यावर हो म्हणणार न्हाईत, मला ठाव हाय. सही घेऊन टाका."

भावाची बायकोही हात जोडून उभी राहिली. "भावजी, एवढं करा. ते तुम्हाला न्हाई म्हणणार न्हाईत आत्ता."

सरांनी खाटेकडे पाहिलं. भाऊ जागा होता आणि त्यांच्याकडे बघून हसत होता. त्या क्षणी विचारलं असतं तर त्यानं काहीही दिलं असतं आणि काहीही घेतलं असतं.

"न्हाई," सर म्हणाले. "आत्ता तो काय म्हणतोय ते त्याला माहीत न्हाई. ती सही त्याची होणार न्हाई."

"मग त्यांना मरू द्यायचं का?" बायको ओरडली. वॉर्डातले सगळे वळून बघायला लागले.

"शुद्धीवर आल्यावर इचारतो," सर म्हणाले. "मीच इचारतो." आणि पुढची वाटी त्यांनीच मागितली.

भाऊ सावरायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याचे हात फडफडायचे थांबले, त्यानं वार बरोबर सांगितला, गाव बरोबर सांगितलं. मग त्याची नजर सरांवर गेली आणि तिथून सरळ भिंतीकडे.

"हे कवा आले?" त्यानं बायकोला विचारलं.

सर उभे राहिले. पाठीमागे हात बांधले. मला वाटलं, बोलायची दुसरी पद्धतच त्यांना येत नसावी. भिंतीकडे तोंड केलेल्या भावाला त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तुझं लिव्हर काय करत नाहीये. माझं काय करतं. कापून किती घेतात, किती ठेवतात, काय धोका आहे. माझं परत कसं वाढतं. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही, एकही वाढवून सांगितला नाही. वडिलांचं नाव घेतलं नाही. माफी मागितली नाही. माझ्या मनात आलं, मागा ना सर, आत्ता मागा. पण त्यांना ते आलं नाही.

भावानं तोंड वळवलं नाही. मग बायकोला म्हणाला, "त्यांना सांग, लिव्हर वाढत असंल. बाकीचं वाढत न्हाई म्हणावं."

"अवो, असं काय करायलात?" बायको रडायला लागली.

"मला घरला न्या," तो म्हणाला.

मल्लूनं सरांकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे मला आजही सांगता येत नाही. सर म्हणाले, "ठीक आहे," आणि वॉर्डाबाहेर गेले. मी मागोमाग गेले तर ते जिन्याजवळच्या बाकावर बसले होते, रांगेतल्या पेशंटांच्या मधोमध. पाय कुणाचेच बघत नव्हते.

भावाला घरी नेलं. पुढचे काही महिने मल्लू मला अधूनमधून फोन करून औषधाचं विचारायचा, त्यामुळे कळत राहिलं. भ्रम परत परत यायचा. आला की भाऊ अण्णाला हाक मारायचा, आणि मल्लू नांदेडला फोन करायचा. सर मिळेल ती बस धरून जळकोटला पोचायचे. पोचले की आधी भावाशी बोलायचे, विहीर, कवठ, मास्तर. आणि मग औषध मागायचे. शुद्धीवर आल्यावर भाऊ तोंड फिरवायचा आणि सर परतीची बस धरायचे. मल्लू एकदा फोनवर म्हणाला, "मॅडम, मी म्हणलं त्यांना, काका, एखाद दिवस उशिरा द्या की. कुणाचं काय जातंय? तर मला म्हणाले, त्याचं जातंय."

भाऊ वारला ते मला मल्लूकडूनच कळलं. सरांना भेटायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी माझं काही कामानिमित्त नांदेडला जाणं झालं तेव्हा मी दुपारी कॉलेजात गेले. सर प्रयोगशाळेत एकटेच होते. मुलांचा तास नव्हता. ते खिडकीशी स्टुलावर बसले होते. निवृत्ती जवळ आली होती. मी समोर बसले. जे मनात होतं तेच विचारलं.

"सर, दरवेळी औषध का देत होता? तो भ्रमात असतानाच तुमच्याशी बोलत होता."

"भ्रमात तो कुणाशीही बोलला असता," ते म्हणाले. "शुद्धीवर असताना तो माझ्याशी बोलत नव्हता, हे खरं. पण तो तो होता. मला तो पाहिजे होता, माय."

बाहेर कुठेतरी गाडी शिटी देऊन गेली. मग ते आपणहून सांगायला लागले. शेवटच्या खेपेला ते जळकोटला गेले तेव्हा भाऊ दोन दिवस औषधावर होता आणि गप्प होता. सर नेहमीप्रमाणे पिशवी उचलून निघाले. दुपारचे तीन वाजले असतील, अंगणात कडक ऊन होतं. नांदेडची बस पाचला होती, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. ते दारात चप्पल घालत होते आणि आतून भावाचा आवाज आला.

"बायकोला म्हणाला," सर म्हणाले. "मला न्हाई, बायकोला. म्हणाला, नांदेडची गाडी गेली म्हणावं आता. ऱ्हा म्हणावं त्यांना."

"मग?"

"मग राहिलो. पाच दिवस होता तो त्यानंतर. बोलला न्हाई. मी खाटेपाशी बसलेला त्याला चालत होतं."

मी डॉक्टर आहे, आणि डॉक्टरला पडतो तो प्रश्न मला पडला. गाडी गेली नव्हती. दुपारी तीन वाजताच गाडी गेली असं शुद्धीवरचा माणूस म्हणेल का? आणि भ्रमातला माणूस बायकोला मध्ये घालून बोलेल का? हात समोर धरायला सांगितले असते तर एका मिनिटात कळलं असतं.

"सर," मी विचारलं, "ते म्हणाले तेव्हा शुद्धीवर होते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, पायांकडे नाही, सरळ तोंडाकडे.

"मी तपासलं नाही," ते म्हणाले.